घाम कुणाचा, दाम कुणाला?

2024 च्या मार्चमध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रानं महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांविषयी मोठा शोधवृत्तांत छापला. इथली साखर जगातल्या बड्या शीतपेय कंपन्यांकडे जाते, आणि तो ऊस तोडणाऱ्या बाया-माणसांच्या वाट्याला उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीचं, कर्ज, पोरींची कोवळ्या वयातली लग्नं आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया येतात, असं त्यात सविस्तर मांडलं होतं. त्यावर आपल्याकडे जे वाद झाले ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एका बाजूचं म्हणणं, ही बदनामी आहे, यामागे परदेशी साखरवाले आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कंपन्यांनी 'फेअर ट्रेड'सारखा शिक्का असलेली, तपासून घेतलेली साखरच घ्यावी, म्हणजे प्रश्न सुटेल. पहिल्यांनी मजुराकडे पाहिलंच नाही. दुसऱ्यांनी पाहिलं, पण त्याला काय हवं हे न विचारता त्याच्यासाठी शिक्का तयार ठेवला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. व्यापार रास्त आहे का, हे वेष्टनावरच्या चिन्हावरून कळत नाही. भाव ठरवताना कोण कोण समोरासमोर बसलं, कागदावर कुणाकुणाच्या सह्या झाल्या आणि तो कागद मोडला तर कुणाला भुर्दंड पडतो, यावरून कळतं. दुसरं असं की 'उत्पादक' आणि 'मजूर' हे शब्द आपण एका श्वासात उच्चारतो, पण ती दोन वेगळी माणसं आहेत. एकाला रास्त भाव मिळाला म्हणून दुसऱ्याला रास्त मजुरी मिळेलच असं नाही. महाराष्ट्रात तर उसाच्या निमित्तानं ती आपसूक मिळत नसल्याचा सत्तर वर्षांचा पुरावा उभा आहे.

परकीयांच्या हेतूचा मुद्दा आधी घेतो, कारण तो पोकळ नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर विकणाऱ्या तीन देशांनी 2019 मध्ये भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि 2021 च्या डिसेंबरात तिथल्या समितीनं भारताच्या विरोधात निवाडा दिला. म्हणजे आपल्या साखरेवर डोळा ठेवून बसलेले स्पर्धक आहेत, हे खरंच आहे. श्रीमंत देश कामगारांच्या कळवळ्याचा वापर बाजार बंद करण्यासाठी करतात, हा संशयही जुना आहे आणि अनुभवातून आलेला आहे. 1996 मध्ये सिंगापूरच्या व्यापार परिषदेत विकसनशील देशांनी कामगार मानकांचा विषय व्यापार करारांत आणायला विरोध केला तो याच धास्तीनं. पण तक्रार करणाऱ्याचा स्वार्थ सिद्ध झाला की तक्रार खोटी ठरते का?

हा प्रश्न मुंबईनं एकदा सोडवलेला आहे. 1870 च्या दशकात मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ओरड सुरू केली, की हिंदुस्थानात पोरांना आणि बायांना राबवून घेतात, तिथेही कारखान्यांचा कायदा हवा. त्यांच्या पोटात हिंदी मजुराची कणव नव्हती. मुंबईचं सूत स्वस्त पडत होतं, ते त्यांना खुपत होतं. साहजिकच इथल्या गिरणीमालकांनी आणि राष्ट्रीय विचारांच्या अनेक पुढाऱ्यांनी, पत्रांनी त्या कायद्याला विलायती डाव म्हणून विरोध केला. 1881 चा कायदा आला तोही असा मिळमिळीत, की सात वर्षांच्या पोराला कामावर घ्यायला त्यात मुभा होती. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय केलं? जोतीराव फुल्यांचा हा सहकारी, 'दीनबंधू'चा संपादक. त्यानं मँचेस्टरचा हेतू तपासण्यात वेळ घालवला नाही. 1884 मध्ये त्यानं परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई, या त्या अर्जातल्या मागण्या. सहा वर्षं हा माणूस त्या मागण्यांच्या मागे लागला आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मजुरांनी मागणी स्वतःच्या तोंडानं केली, म्हणून ती मँचेस्टरची राहिली नाही. आज आपण नेमकं उलट करतो. ऊसतोडणाऱ्याचं दुःख परदेशी पत्रात छापून आलं म्हणून ते परकं मानतो, आणि त्याला स्वतःच्या तोंडानं मागणी करता येईल अशी सोयही करत नाही.

आता शिक्क्याकडे वळतो. फेअर ट्रेडच्या मुळाशी असलेली कल्पना मला मोलाची वाटते. 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये पहिला शिक्का आला तो मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या छोट्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संघाच्या आग्रहातून. देणग्या नकोत, आमच्या मालाला भाव द्या, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडे चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेनं दिलेली 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आठवा. हजारो मैलांवरची दोन माणसं साधारण एकाच काळात एकच गोष्ट बोलत होती. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, कॉफीच्या आंतरराष्ट्रीय करारातली कोटा पद्धत कोसळली आणि भाव गडगडले. 2001 च्या आसपास कॉफीचा बाजारभाव पौंडाला पन्नास सेंटच्या खाली गेला, तेव्हा फेअर ट्रेडचा किमान भाव, सामाजिक कामासाठीची जादा रक्कम धरून, 1 डॉलर 26 सेंट होता. ज्या संघांचा माल त्या भावानं गेला त्यांच्या सभासदांच्या जमिनी वाचल्या. हे ज्यांना थोतांड वाटतं त्यांनी मंदीत कांदा रस्त्यावर ओतणाऱ्या शेतकऱ्याला किमान भावाचा अर्थ विचारावा.

पण त्या कॉफीची फळं वेचतो कोण? छोट्या शेतकऱ्याच्या मळ्यातही तोडणीच्या हंगामात घरची माणसं पुरत नाहीत, रोजंदारीनं बोलवावी लागतात. लंडन विद्यापीठाच्या एका संशोधक गटानं इथिओपिया आणि युगांडात चार वर्षं अशा रोजंदारीवरच्यांचा अभ्यास केला आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडला, की फेअर ट्रेड संघांच्या परिसरातल्या मजुरांची मजुरी आणि कामाची स्थिती इतर ठिकाणांपेक्षा चांगली नव्हती, कित्येक ठिकाणी वाईट होती. त्यावर फेअर ट्रेडवाल्यांचा आक्षेप होता, की छोट्या शेतकऱ्यांची तुलना मोठ्या मळ्यांशी केली. आक्षेपात तथ्य आहे, मोठ्या मळ्याला जास्त मजुरी परवडते. तरी कोस्टा रिकातल्या कॉफीवरचा दुसरा एक अभ्यास पाहा. तो फेअर ट्रेडच्या बाजूनं बरंच सांगतो: शेतमालकांचं उत्पन्न वाढलं, मधल्या दलालांचं घटलं. पण हंगामी तोडणाऱ्याच्या हातात काही पडल्याचं त्यातही दिसत नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. करार खरेदीदार आणि शेतकरी यांच्यात झाला होता. तोडणाऱ्याची सही त्यावर नव्हती, मग त्याचा वाटा त्यात कुठून येणार?

आपल्या सहकारी साखर कारखान्याकडे या नजरेनं कुणी पाहत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला कारखाना 1950 च्या हंगामात सुरू झाला. उत्पादकाच्या दृष्टीनं जगातल्या कुठल्याही फेअर ट्रेडपेक्षा ते मोठं पाऊल होतं. शिक्का शेतकऱ्याला बरा भाव देतो, इथे शेतकरी कारखान्याचाच मालक झाला. सावकाराच्या आणि गूळ-अडत्याच्या कचाट्यातून सुटला, शाळा-दवाखाने उभे राहिले, पश्चिम महाराष्ट्राचा चेहरा बदलला. आणि ऊस तोडणार कोण? बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, धाराशिव, जालना. दसरा-दिवाळीच्या आसपास तिकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने फडाजवळच्या खोपीत राहायचं, पहाटेपासून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरायच्या, गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायच्या. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर. कारखान्याच्या सभासद यादीत हा कोयता नाही, हजेरीपटावर नाही. सहकाराच्या घरात तो कायमचा पाहुणा राहिला, आणि त्या घरातला सगळ्यात जड भार त्याच्याच डोक्यावर.

2019 मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भाशयांची बातमी आली तेव्हा सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी दरी वयोगटानं भरून निघत नाही. पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, शौचालय नाही, पाणी नाही, अंगावर दुखणं काढायचं आणि शेवटी कुणीतरी सांगतो की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. या एका आकड्यापुढे मला 'बदनामी' हा शब्द उच्चारवत नाही.

इथे ऊस उत्पादक शेतकऱ्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारण या वादातला सगळ्यात भक्कम विरोधी युक्तिवाद त्याचा आहे. आमच्याही घरी ऊस आहे, त्यामुळे तो मला तोंडपाठ आहे. उसाचा दर म्हणून जी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर, जाहीर होते (2025-26 च्या हंगामाला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550), ती पूर्ण आमच्या खात्यात येत नाही. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. मजुरी वाढली की आमचं बिल घटतं. शिवाय टोळी फडात आली की 'खुशाली' म्हणून वरचे पैसे द्या, ट्रकवाल्याला 'एन्ट्री'चे द्या, नाहीतर ऊस वाळतो. आमच्याकडे एका वर्षी कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या माणसानं, नंबर येऊनही तीन आठवडे टोळी पाठवली नाही, तेव्हा वडिलांनी मागेल ती रक्कम काढून दिली. मग आम्हीच का सोसायचं? शेतकरी संघटनेचा जुना युक्तिवादही याच्याशी जुळतो: आधी शेतमालाला भाव द्या, मग शेतकरी मजुराला आपसूक जास्त देईल, भाव नसेल तर देणार कुठून?

देणार कुठून, हे अगदी बरोबर. 'आपसूक' मात्र चूक. कॉफीला किमान भाव मिळाला तेव्हा मजुरी आपसूक वाढली नाही, उसाला कायद्यानं हमी दर मिळाला तेव्हाही नाही. मजुरी वाढली ती कोयता बंद आंदोलनांनी आणि वाटाघाटींनी. आणि भार शेतकऱ्यावरच का पडतो, याचं उत्तर हिशेबातच सापडतं. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ मिळाली, तेव्हा तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. एक टन उसातून ढोबळमानानं शंभर किलो साखर निघते. म्हणजे एका किलो साखरेत कोयत्याचा वाटा साडेतीन रुपयांच्या आसपास. ती मजुरी उद्या दुप्पट केली आणि सगळा बोजा साखरेवर टाकला, तरी किलोमागे साडेतीन-पावणेचार रुपये वाढतील. एका शीतपेयाच्या बाटलीत अशी किती साखर असते? चाळीस-पन्नास ग्रॅम. बाटलीमागे वीस पैसेही होत नाहीत. मात्र साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला, त्या काळात एफआरपी आणि मजुरी दोन्ही वाढल्या. साखरेचा फार मोठा हिस्सा घरच्या चहात जात नाही, तो पेयं, बिस्किटं, मिठाया बनवणाऱ्या उद्योगांकडे जातो. दर तीन वर्षांनी कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना समोरासमोर बसतात तेव्हा हा सगळ्यात श्रीमंत भिडू तिथे नसतोच. उरलेले तिघे, शेतकरी, कारखाना आणि कोयता, एकाच तोकड्या चादरीसाठी ओढाताण करतात. फेअर ट्रेडच्या कल्पनेतला जो खरा गाभा आहे तो इथे कामाचा आहे: शेवटच्या खरेदीदाराला साखळीतल्या पहिल्या हाताशी बांधा. फक्त तो बांधायचा कशानं?

प्रमाणपत्रानं बांधला जात नाही, याचा पुरावा भयंकर आहे. 2012 च्या सप्टेंबरात कराचीत कपड्यांच्या एका कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार जळून मेले. काही आठवडे आधीच त्या कारखान्याला सामाजिक जबाबदारीचं नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली, तिथल्याही काही कारखान्यांच्या तपासण्या झालेल्या होत्या. तपासणीस मालकाच्या पैशावर येतो, आधी कळवून येतो, फाटकाच्या आत जे दाखवतील ते पाहतो. उसाच्या फडात तर दाखवायलाही काही नसतं. मजुराला पैसे मुकादम रोखीत देतो, कारखान्याच्या दप्तरात त्याचं नाव नाही, मग तपासणीस कुठलं पान उघडणार?

याउलट राणा प्लाझानंतर काही आठवड्यांत बांगलादेशात जो 'अकॉर्ड' झाला तो करार होता. एका बाजूला परदेशी ब्रँड, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, आणि ब्रँडनं शब्द मोडला तर लवादाकडे खेचण्याची तरतूद. त्याखाली हजारभराहून अधिक कारखान्यांच्या इमारती, वायरिंग, जिने तपासले गेले, दुरुस्त झाले. फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांनी हेच आपल्या पद्धतीनं केलं. त्यांनी मोठ्या खरेदीदारांकडून पौंडामागे एक सेंट जादा मिळवला, आणि जो बागाईतदार छळ करेल त्याचा माल घ्यायचा नाही असं लिहून घेतलं. आणि ज्यांना वाटतं की असं भारतात होत नाही, त्यांनी तामिळनाडूतला 2022 चा दिंडिगुल करार पाहावा. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या एका संघटनेनं एका सहकारी मुलीच्या खुनानंतर लढा दिला आणि कापड कारखान्यातल्या लैंगिक छळाविरुद्ध मालक आणि परदेशी ब्रँड या दोघांना करारात बांधलं. तक्रार ऐकायला मजल्या-मजल्यावर त्यांच्याच बायका नेमल्या. तिथे सही कामगारांच्या संघटनेची आहे, म्हणून तो कागद जिवंत आहे.

उसात अशी सही करणारं माणूस कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मजूर विखुरलेले, फिरते, आज या कारखान्यावर तर पुढच्या वर्षी कर्नाटकात. मालक नक्की कोण, हेही सांगता येत नाही: शेतकरी, कारखाना, वाहतूकदार की मुकादम? अडचण खरी आहे. पण हीच अडचण मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्यांची नव्हती का? तेही टोळीवाल्याच्या हाताखाली होते, त्यांचाही मालक दिवसाला बदलायचा. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना आणि बाबा आढावांनी पुण्याच्या हमालांना संघटित केलं, त्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यानं मालक कोण हा गुंता सोडवत बसण्याऐवजी मंडळ उभं केलं. माल उचलून घेणाऱ्यानं मजुरी आणि वर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, मंडळात भरायची, मंडळानं नोंदणी झालेल्या हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा द्यायची. त्या मंडळांमध्ये पुढे खोटे माथाडी शिरले, खंडणीखोर शिरले, हे मला ठाऊक आहे आणि ते साफ केलं पाहिजे. तरीही तीन पिढ्यांच्या हमालांची पोरं त्या कायद्यामुळे शिकली. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ झालं, वसतिगृहांसारखी कामं तिथून होतात, ती हवीतच. पण मजुरी जोवर मुकादमाच्या खिशातून येते तोवर उचलीचा फास सुटणार नाही. फास सोडवायचा तर मजुरी मंडळातून यायला हवी, मोठ्या साखर खरेदीदारांकडून किलोमागे ठरलेली लेव्ही थेट त्या मंडळात यायला हवी, आणि शेतकऱ्याच्या बिलातून वाढीव मजुरीचा एक रुपयाही कापू नये. तेव्हा शेतकरी या मागणीच्या विरोधात उभा राहणार नाही.

एवढी मजुरी वाढवली तर कारखाने हार्वेस्टर आणतील, असं भय दाखवलं जातं. हार्वेस्टर येतच आहेत, अनुदान घेऊन येत आहेत, आणि मजुरी कमी ठेवल्यानं ते थांबलेले नाहीत. ज्याची नोंद आहे त्याला यंत्र आल्यावर भरपाई मागता येईल. ज्याची नोंदच नाही तो काम गेल्यावर मोजलाही जाणार नाही.

ही नोंद करताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून नीट व्हायला हवी. कोयता म्हणजे दोन माणसं, पण उचल घेताना अंगठा एकाचा, हिशेब एकाशी, पैसे एकाच्या हातात. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. जमीन असलेल्यांनी ते केलं. फडातल्या बाईकडे सातबारा नाही, तिच्याकडे फक्त तिचं काम आहे. मंडळाच्या वहीत ती नवऱ्याच्या नावापुढे 'व पत्नी' अशी नको. तिची ओळ वेगळी हवी, तिचं पूर्ण नाव, तिनं बांधलेल्या मोळ्यांचं वजन, आणि तिच्या स्वतःच्या बँक खात्याचा क्रमांक.